मरून ऑस्टिन

१

हर्बर्ट मिनेझिसनं फोटो टेबलावर ठेवला नाही, आपटला. रंगाच्या पाण्याची वाटी कलंडली आणि वनमाला सकाळपासून जिला रंगवत बसली होती त्या फोटोतल्या नवरीच्या गालावरून गुलाबी ओघळ थेट हनुवटीपर्यंत गेला.

"कुणी रंगवला हा?"

"मी," वनमाला म्हणाली. नवरीचा फोटो तिनं आधी टिपकागदाखाली सारला. माणसं ओरडून थांबतात, पाणी थांबत नाही.

"तू? तूच असणार! चोराची बहीण! भावानं माझं घर धुतलं आणि तू माझ्या गाडीवर सूड उगवलास!"

घाटकोपर स्टेशनासमोरच्या प्रतिमा फोटो स्टुडिओत त्या गुरुवारी तीन गिऱ्हाइकं बसली होती. तिघांचीही मान एकदम वळली. वनमालाचे कान तापले. चार दिवस तिनं हीच गोष्ट सगळ्यांपासून लपवली होती आणि या माणसानं ती एका दमात भर दुकानात मांडली.

झालं होतं ते असं. दर डिसेंबरात जुन्या मोटारींचे हौशी मालक आपापल्या गाड्या घासूनपुसून आरे कॉलनीत आणतात, गवतावर ओळीनं लावतात आणि दिवसभर एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. स्टुडिओचे मालक चंद्रप्रकाश तिथं फोटो काढायचे, काळे-पांढरे. मग वनमाला निगेटिव्हवर पेन्सिल चालवून नको ते घालवायची, मोठे फोटो छापले गेले की ते ब्रशनं आणि कापसाच्या बोळ्यानं रंगवायची. ८५ सालचा मेळावा गेल्या रविवारी झाला. हर्बर्ट आणि त्याची धाकटी बहीण एथेल सकाळी आठला आपली १९३४ची ऑस्टिन घेऊन तिथं पोचली. दुपारी मरोळ गावातल्या घरी परतली, तर मागची खिडकी उघडी आणि आईचे दागिने गेलेले. एथेलचं जानेवारीत लग्न होतं. खिडकीखाली रंगाऱ्याची एक पत्री सापडली, जुना रंग खरवडायची. पत्रीच्या मुठीवर नाव कोरलेलं होतं: लवू. सोमवारी सकाळी पोलिसांनी लवूला उचललं.

लवू हा वनमालाचा सख्खा भाऊ. दोन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. गिरण्यांच्या संपात वनमालाचा नवरा काशीराम दीड वर्ष घरी बसला आणि लवू मात्र गुपचूप कामावर गेला. त्याच महिन्यात काशीरामचं नाव हजेरीपटावरून गेलं ते कायमचं. पुढं लवूची गिरणीही बंद पडली आणि तो गॅरेजांतून गाड्या रंगवू लागला. ज्यानं घरच्यांना फसवलं तो परक्याच्या घरात काय करणार नाही, असं वनमालाला वाटत होतं. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून वाटत होतं.

"बोल ना!" हर्बर्टनं फोटोवर बोट आपटलं. "माझी गाडी मरून आहे का?"

"आहेच की. गेली सहा वर्षं मी ती मरूनच रंगवतेय."

"हिरवी आहे! बाटलीसारखी हिरवी! मेळाव्याच्या आधल्या आठवड्यात तुझ्याच भावानं रंगवली, माझ्या अंगणात, ताडपत्री बांधून. आणि तुला माहीत नाही?"

वनमाला फोटोकडे बघत राहिली. मालक चंद्रप्रकाश काचेच्या केबिनमधून धावत आले. केस चापून बसवलेले, हसू तयार. पण हर्बर्ट पुन्हा "हिरवी" म्हणून ओरडला आणि त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. क्षणभरच. मग ते वनमालावर तुटून पडले.

"बाई, डोळे आहेत का गारगोट्या? अकरा वर्षं झाली तुम्हाला इथं! मी स्वतः प्रत्येक गाडीसमोर उभा राहून रंग लिहितो, आठवणीवर एक अक्षर लिहीत नाही, आणि तुम्ही मनाचे रंग फासता? रविवारी माझ्याबरोबर मरोळला चलायचं. हातात नवा फोटो घेऊन यांची माफी मागायची. नाही तर सोमवारपासून येऊ नका."

"माफी नंतर," हर्बर्ट म्हणाला. "सोमवारी तुझ्या भावाला कोर्टात उभं करतात. चोर कबूल होत नाही, पण होईल."

तो गेला. गिऱ्हाइकंही उठली. चंद्रप्रकाश वनमालाच्या टेबलाजवळ वाकले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते मेळाव्याचं रंगांचं कार्ड कुठं आहे? आणा इकडं."

२

वनमालानं टेबलाचा खण उघडला, आत हात फिरवला आणि म्हणाली, "दिसत नाही. पाण्यात भिजलं म्हणून टाकलं वाटतं."

आपण खोटं का बोललो, ते तिचं तिला कळलं नाही. कार्ड खणातच होतं, कोरडं ठणठणीत. पण ज्या माणसानं भर दुकानात ओरडून अब्रू घेतली, तोच कार्ड मागताना कुजबुजला, हे तिला खटकलं होतं.

चंद्रप्रकाशनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "शोधा. सापडलं की थेट माझ्या हातात."

ते जेवायला गेले तेव्हा तिनं कार्ड बाहेर काढलं. ही स्टुडिओची जुनी पद्धत होती. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कळत नाही. गडद तांबडा आणि गडद हिरवा तर एकाच मापाचे काळपट उमटतात. म्हणून फोटो काढणारा गाडीसमोर उभा राहून रंग लिहितो आणि रंगवणारा त्यावर डोळे मिटून विसंबतो. कार्डावर पंधरा गाड्या होत्या, चंद्रप्रकाशच्या तिरक्या अक्षरात. चौथ्या नंबरला: फिकट निळी, चाकांच्या तारा पिवळ्या, डाव्या दारावर ठिगळाएवढा जुना निळा. नवव्याला: दुधी, गादी तपकिरी, मागचा दिवा फुटका. आणि चौदाव्याला, मिनेझिस, ऑस्टिन. पुढं दोनच शब्द: नेहमीची मरून.

म्हणजे चूक तिची नव्हती. तिला आधी हायसं वाटलं, मग राग आला, आणि राग ओसरल्यावर एक प्रश्न उरला. दारावरचं ठिगळ ज्याला दिसतं, त्याला अख्खी हिरवी गाडी मरून कशी दिसेल?

तिनं कार्ड पोलक्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि मरोळची बस पकडली.

३

मिनेझिसांचं घर कौलारू, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. एका बाजूला हर्बर्ट आणि एथेल, दुसऱ्या बाजूला त्यांचा चुलतभाऊ अर्बन. अंगणात ऑस्टिन उभी होती. वनमालानं तिचा रंग पहिल्यांदाच पाहिला आणि नाइलाजानं कबूल केलं की लवूचा हात चांगला आहे. कुठं ओघळ नाही की कण नाही.

"कशाला आलीस?" पायरीवर बसलेल्या एथेलनं विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते. "दादा घरी असता तर कुत्रं सोडलं असतं."

"फोटो परत रंगवायचाय. रंग बघायला आले."

"बघ आणि जा."

वनमाला गेली नाही. ऊन टळेपर्यंत उभी राहिली. शेवटी एथेलनंच पाण्याचा तांब्या आणून दिला. माणसाशी भांडायचं झालं तरी आधी त्याला पाणी द्यायचं, एवढी रीत त्या घरात शिल्लक होती.

"माझ्या भावालाही असंच इथं पायरीवर पाणी द्यायचीस?"

"मग काय आत बसवू? रंगानं माखलेला माणूस. आठ दिवस होता, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही त्यानं. त्याचं सामान तिथं असायचं." एथेलनं आंब्याला टांगलेल्या डब्याकडे बोट केलं. डब्यात ब्रश आणि पत्र्या अजून तशाच होत्या. कुणीही हात घालावा.

"दागिन्यांची पेटी फोडली होती?"

"नाही. तेच तर. पेटीची किल्ली मी आल्तारच्या, आमच्या देव्हाऱ्याच्या मागं ठेवते, येशूच्या फोटोखाली. पेटी किल्लीनं उघडली, परत बंद केली आणि किल्ली जागच्या जागी ठेवली. पोलीस म्हणाले, रंगाऱ्यानं खिडकीतून बघितलं असेल."

वनमालानं मागची खिडकी पाहिली. तिथून चूल दिसत होती, आल्तार नव्हे.

तेवढ्यात कुंपणापलीकडून अर्बन आला, दाढी वाढलेला, तोंडावर कायमचा वैताग. "चोराची वकिली चाललीय? छान! उद्या माझ्यावर ढकलाल. सगळ्यांना तेच हवंय. चुलत्याची अर्धी जागा मागतो ना मी!"

"तू कुठं होतास रविवारी?" वनमालानं सरळ विचारलं.

"खारदांड्याला, सासुरवाडीला! लग्नाच्या मासळीचं ठरवायला. हिच्याच लग्नाच्या! आणि मला चोरी करायची तर खिडकी कशाला उचकटू? मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे, बापाच्या वेळेपासून." त्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खळखळवला आणि एथेलकडे बघत थुंकला. "पण विचारतंय कोण?"

वनमालानं मनात जुळवलं. अर्बनकडे दाराची किल्ली होती, त्याला खिडकीची गरज नव्हती. लवूला खिडकी माहीत होती, पेटीची किल्ली नाही. चोर या दोघांहून वेगळा होता. तो आत बसून गेलेला होता आणि तरी त्याच्याकडे दाराची किल्ली नव्हती.

"एथेल, गेल्या महिन्याभरात आत कोण येऊन बसलं? पाहुणा, पाद्री, कुणीही."

"कोणी नाही." मग ती थांबली. "फोटोवाला सोडून. सासरच्यांना फोटो पाठवायचा होता, आईचे दागिने घालून. तुमचेच मालक. नोव्हेंबरात आले होते, दिवे लावून आतच काढला. मग गाडीजवळ एक काढला. गाडी तेव्हा मरूनच होती."

"तू दागिने काढलेस तेव्हा ते कुठं होते?"

"फिल्म भरत होते. आल्तारच्या बाजूच्या खुर्चीवर." एथेलचा चेहरा उतरला. मग तिनं मान झटकली. "पण ते कसे असतील? ते तर मेळाव्यात होते. आमच्याही आधी आले होते. आणि फोटो नाही का काढले सगळ्यांचे? दहा वाजता आमचा काढला, मी गाडीत बसले होते."

"तेव्हा गाडी उघडी होती?"

"मग? आठला पोचलो तेव्हा ट्रकवर घालून, ताडपत्रीखाली झाकूनच नेली होती. दादाला सगळ्यांना चकित करायचं होतं ना. साडेनऊला हार घालून उघडली. नुसत्या टाळ्या!"

वनमालानं तांब्या पायरीवर ठेवला. ज्यानं कार्ड लिहिलं, त्यानं ताडपत्री पाहिली होती. ज्यानं फोटो काढला, त्यानं हिरवी गाडी पाहिली होती. हे दोन माणसांचं काम होतं.

"फोटो काढणारा तू नीट पाहिलास? तोंड पाहिलंस?"

"तोंड कसं दिसेल? ऊन त्याच्या पाठीमागून माझ्या डोळ्यांवर येत होतं."

४

शनिवारी चंद्रप्रकाश एका लग्नाच्या कामाला गेले. त्यांनी जाताना तिसऱ्यांदा कार्डाची चौकशी केली आणि तिसऱ्यांदा शिवीचा पहिला अर्धा भाग उच्चारून बाकीचा गिळला.

ऊन पाठीमागून. हे शब्द वनमालाच्या डोक्यातून जात नव्हते. मेळाव्याच्या शेवटच्या सहा निगेटिव्हना तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला होता. पहिल्या नऊ चोख होत्या, पुढच्या नवशिक्यासारख्या. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढला की काढणाऱ्याची सावली गाडीसमोरच्या गवतावर पडते. चंद्रप्रकाश ही चूक जन्मात करणार नाहीत. पण कामाचा ढीग होता, घरची चूल चालवायची होती, भाऊ कोठडीत होता. तिनं विचार केला नव्हता. निगेटिव्हवर ती सावली काचेसारखी स्वच्छ दिसते. तिनं त्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा भरल्या आणि फोटोत सावलीच्या जागी गवत उगवलं. नको ते घालवायचं, हाच तर तिचा धंदा होता.

आता तिनं चौदा नंबरची निगेटिव्ह लाकडी चौकटीवर ठेवली, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि स्वतःचंच काम पुसायला लागली. बोळा काळा होत गेला. सावली परत आली. कमरेशी कॅमेरा धरलेली, कोपरं फाकलेली. भिंग लावून तिनं डोक्याकडे पाहिलं. डोकं वर निमुळतं होत होतं, दोन्ही टोकांना चोच असल्यासारखं.

स्टुडिओत टोपी घालणारा एकच माणूस होता. डार्करूममधला धोंडू. तीस वर्षं तो अंधारात फोटो धूत आला होता आणि बाहेर पडला की पहिल्यांदा खादीची टोपी चढवायचा.

"धोंडूदादा," ती डार्करूमच्या दारात उभी राहिली, "मेळाव्यात कॅमेरा तुमच्या हातात होता."

धोंडूच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "माका काय इचारू नको."

"माझा भाऊ आत आहे."

"माझी नोकरीव आत आसा, या दुकानात. छप्पन वर्सांचो मी. माका आता कोण ठेवतलो?" त्यानं चिमटा खाली ठेवला. मग बोलला तेव्हा भराभरा. "मालक सगळ्या गाड्यांचे रंग लिवन मोकळे झाले. म्हणाले, पोट बिघडलां, घराक जातंय, कोणाक सांगा नको, हसतीत लोक. शिकवल्यानी माका बटण कसां दाबूचां ता. स्कूटर घेवन गेले, अकरा वाजता परत इले, पण गाड्यांकडे फिरकाक नाय. मी मानलंय खराच पोट. सोमवारी चोरी झाल्याचां आयकलंय, तेव्हापासून जेवण जाणा नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललंस? चार दिवस तूव गप्पच होतंस मगो."

हे वर्मी लागलं. तिनं निगेटिव्ह पुढं केली. "एवढी छापून द्या. सावलीसकट."

"पेपर संपलो. मालक म्हणाले, सोमवारी बाजारातून आणू."

"ही काय, पेटी आहे ना वर?" फळीवर सगळ्यात उंच एक बारा-पंधरा इंची फोटोकागदाची पेटी होती. असल्या पेटीवर लिहिलेलंच असतं, फक्त लाल दिव्यात उघडा. उजेडात उघडली की आतला सगळा कागद वाया जातो. म्हणून स्टुडिओत शेंबड्या पोरापासून मालकापर्यंत कुणी ती उगाच उघडत नाही.

"ती नाय. ती मालकांनी गेल्या सोमवारी आणून ठेवली. सांगल्यानी, हात लावायचो नाय."

"कागद संपलाय, गिऱ्हाइकं थांबलीत, आणि भरलेली पेटी ठेवून बाजारातून दुसरी आणायची?" वनमाला स्टुलावर चढली. पेटीच्या कडेला कंपनीची पट्टी नव्हती. तांबडी चिकटपट्टी होती, निगेटिव्हच्या कडा झाकायला ती स्वतः वापरायची तीच. आणि पेटी कागदापेक्षा जड होती.

तिचा हात पट्टीवर गेला आणि थांबला. चोराची बहीण, बंद खोली, हातात दागिने. पेटी इथं उघडली तर लवूच्या शेजारी तिची जागा पक्की होती.

"धोंडूदादा, उद्या तुम्हीही मरोळला चला."

धोंडूनं तिच्याकडे पाठ केली आणि नळ सोडला. "मी काय बघलंय नाय," तो पाण्याकडे बघत म्हणाला. पण जाताना आपल्या डब्याची कापडी पिशवी तो स्टुलावर विसरून गेला. ती पेटीच्या मापाची होती. आणि बाजारातून चार कागद उसने आणून संध्याकाळी त्यानं फोटो छापून दिला.

५

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पण बसा कोणी म्हणालं नाही. हर्बर्टनं चौकीतला एक हवालदारही बोलावून ठेवला होता. माफीबरोबर बहिणीच्या तोंडून काही कबुली निघाली तर बरं, असा त्याचा हिशोब असावा. अर्बन कुंपणावर रेलून तमाशा बघायला उभा होता.

"चला बाई," चंद्रप्रकाश म्हणाले. "फोटो द्या आणि माफी मागा."

वनमालानं हिरवा फोटो एथेलच्या हातात दिला. "फोटो बरोबर आहे. माफी मागायला मात्र मी आलेले नाही."

"बघितलंत?" हर्बर्ट उसळला. "रक्तच तसलं!"

"रक्ताचं राहू द्या. मालक, ही गाडी तुम्ही मेळाव्यात कुठल्या रंगाची पाहिलीत?"

"हिरवी! मीच तर फोटो काढला. चूक तुमची."

वनमालानं पोलक्यातून कार्ड काढलं. चंद्रप्रकाश एक पाऊल पुढं आले, पण हवालदार मध्ये होता. तिनं पंधरा गाड्यांचे रंग वाचून दाखवले, पिवळ्या तारा आणि निळं ठिगळ सगळं, आणि शेवटी "नेहमीची मरून".

"लिहिताना हात चुकला," चंद्रप्रकाश म्हणाले. "माणूस आहे मी."

"गुरुवारी म्हणालात, आठवणीवर एक अक्षर लिहीत नाही. मग हिरव्या गाडीसमोर उभं राहून मरून कसं लिहिलंत? तुम्ही गाडीसमोर नव्हतातच. ताडपत्रीसमोर होतात. साडेनऊला ती निघाली तेव्हा तुम्ही मेळाव्यात नव्हतात. घर रिकामं आहे हे तुम्हाला माहीत होतं. पेटीची किल्ली कुठं असते ते नोव्हेंबरात पाहिलं होतं. मागच्या दाराची किल्ली तेवढी नव्हती, म्हणून आंब्यावरच्या डब्यातली पत्री घेतली. पत्रीवर नाव होतं हे तुमचं नशीब, माझ्या भावाचं कमनशीब."

"खोटं! मग फोटो काय भुतानं काढले?"

तिनं दुसरा फोटो गाडीच्या बॉनेटवर ठेवला. सगळे वाकले. गवतावर सावली होती, कोपरं फाकलेली, डोक्यावर टोपी. पहिला अर्बन बोलला. "टोपी! हा तर तो म्हातारा!"

फाटकाशी पिशवी धरून उभा असलेला धोंडू पुढं आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "फोटो मी काढलंय," तो हर्बर्टला म्हणाला. "मालक नऊच्या आदींच गेले. अकरा वाजता इले."

"नोकराला फितवलं हिनं!" चंद्रप्रकाशचा आवाज चिरकला. "सावली काय, ही बाई पेन्सिलीनं काहीही काढते! दागिने दाखव ना मग! कुठं आहेत दागिने?"

वनमालानं धोंडूच्या हातातून पिशवी घेतली आणि कागदाची पेटी बाहेर काढली. अंगणात लख्ख ऊन होतं. क्षणभर तिलाही भीती वाटली. आत खरंच कागद असला तर लवू गेला, नोकरी गेली, आणि उरलेला जन्म तिला याच लोकांच्या शिव्या खायच्या होत्या.

"उघडू नका!" चंद्रप्रकाश ओरडले. "कागद जळेल!"

"जळू दे," वनमाला म्हणाली. "मी हात लावत नाही. एथेल, तू उघड."

चंद्रप्रकाश झेपावले. अर्बननं कुंपणावरून उडी मारून त्यांना मागून आवळून धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं या घरासाठी काही केलं असेल आणि तेही शिव्या घालत. एथेलनं तांबडी पट्टी ओढली. झाकण निघालं. वर काळा कागद होता, खाली काळा कागद होता, आणि मध्ये आईच्या बांगड्या, कानांतली जड कुडी आणि चार पदरांचा हार, प्रत्येक दागिना कापसात बांधून ठेवलेला. एथेल खालीच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"घाटकोपरात रंगीत फोटोंची दोन दुकानं झाली," चंद्रप्रकाश कुणाकडेच न बघता म्हणाले. "तासात फोटो देतात. मला ते मशीन हवं होतं. हातानं रंगवलेलं आता कोण घेतं?" मग ते वनमालाकडे वळले. "तुमचीही चूल त्यावरच आहे बाई. माझं दुकान बुडवून तुम्ही काय मिळवलंत?"

वनमालानं कार्ड हवालदाराच्या हातात दिलं. हर्बर्ट तिच्यासमोर आला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मग फक्त गाडीवरची धूळ बाहीनं पुसली. माफी मागायचं त्याला कुणी शिकवलेलं नसावं.

६

सोमवारी दुपारी लवू चौकीच्या फाटकातून बाहेर आला. आठवड्यात वाळला होता. एका डोळ्याखाली काळंनिळं होतं. वनमाला समोरच्या रसाच्या गाड्याशी उभी होती. तिला बघून तो थबकला, मग रस्ता ओलांडून आला.

"हवालदार सांगत होता," तो म्हणाला. "तू सगळं शोधून काढलंस म्हणे."

वनमालानं मान हलवली.

"नोकरी गेली?"

"दुकानालाच कुलूप लागलं."

लवू चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. "ताई, एक विचारू? तुला खात्री होती ना, मी चोरी केली नाही म्हणून?"

हो म्हणायला किती सोपं होतं! एक पेन्सिलीची रेघ ओढली की काम झालं असतं. वनमालानं त्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं.

"नव्हती," ती म्हणाली. "गुरुवारपर्यंत नव्हती. मला वाटलं होतं तूच केलीस."

लवूनं उकरलेली माती चपलेनं परत दाबली. "म्हणजे मला मारणारे आणि तू, एकाच बाजूला होतात."

"हो."

"आणि हे तोंडावर सांगतेस?"

"तू कामावर गेलास तेव्हा तोंडावर सांगितलं असतंस तर आज तू विचारलंस ते विचारायची वेळ आली नसती."

रसवाल्यानं चरक थांबवून दोघांकडे पाहिलं. लवूनं मान फिरवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, सुजेचं म्हणा किंवा कशाचं म्हणा. वनमालाला स्वतःचीही लाज वाटत होती आणि त्याचाही राग येत होता, दोन्ही एकदम, आणि त्यातलं काय आधी बोलावं ते तिला ठरवता येईना.

"घरी चल," ती शेवटी म्हणाली. "दोन घास खाऊन जा."

"भाओजी उंबऱ्यात उभं करणार नाहीत मला."

"त्यांच्याशी मी भांडेन. तुझ्याशी भांडून झालंय."

ती बसथांब्याकडे निघाली. थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज यायला लागला. तो शेजारी आला नाही, पण मागंही पडला नाही. मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून बहीण-भाऊ घाटकोपरच्या बसची वाट बघत उभी राहिली.